वळण

शनिवार, २६ नोव्हेंबर २०२२. आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू झालेला सामना आता संपायला आला होता. कतारमधल्या अल वक्राच्या अल जनूब स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलिया ट्युनिशियाविरुद्ध १-० ने पुढे होती. मिचेल ड्यूकनं २३ व्या मिनिटाला डोक्यानं मारलेला तो एकुलता एक गोल, आणि त्यानंतर तासाहून जास्त वेळ चाललेली त्याची राखण. ट्युनिशियाचे पाठीराखे संख्येनं कितीतरी जास्त, त्यामुळे सगळं स्टेडियम तांबडं आणि आवाज कानठळ्या बसवणारा. अशात ऑस्ट्रेलियाच्या बचावफळीच्या पाठीमागे मोकळ्या जागेत चेंडू पडतो आणि ट्युनिशियाचा ताज्या दमाचा आघाडीवीर त्यावर सुटतो. त्याच्या आणि गोलरक्षक मॅथ्यू रायनच्या मध्ये फक्त गवत उरलेलं असतं. तेवढ्यात पडद्याच्या कडेनं एक भलाथोरला माणूस चित्रात शिरतो. तो धावत येतो, गाठतो, थांबतो असं वाटतं न वाटतं तोच गवतावर आडवा होतो. लांबवलेला पाय चेंडूवर, आणि फक्त चेंडूवर, लागतो. धोका टळतो.

सगळा मामला काही सेकंदांचा. हॅरी सूटर या ऑस्ट्रेलियन सेंटर बॅकचा हा टॅकल मी तेव्हापासून इतक्या वेळा पाहिला आहे, की त्यातलं एकेक पाऊल आता ओळखीचं झालंय. गोलचं रसग्रहण पुष्कळ होतं. गोलला मिनिट असतं, मारणाऱ्याचं नाव असतं, फलकावर आकडा बदलतो. टॅकलनं फलकावर काहीच बदलत नाही. जे होतं ते तसंच राहतं, आणि तेच त्याचं काम असतं. म्हणूनच तो नीट बघायचा तर मुद्दाम थांबून, मागे नेऊन, पुन्हा लावून बघावा लागतो. कविता वाचतो तसाच.

पहिली ओळ आहे वळण्याची. टाळ्या घसरण्याला पडतात, पण टॅकल खरा सुरू होतो तो इथे. बचावपटूचं तोंड बहुतेक वेळ मैदानाकडे असतं आणि पाठ आपल्या गोलकडे. चेंडू डोक्यावरून मागे गेला, की त्याला १८० अंशांत फिरावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरून पळत आलेला आघाडीवीर आधीच वेगात असतो. उंच माणसाला ही गोष्ट फार जड जाते. सूटरची उंची १.९८ मीटर, म्हणजे साडेसहा फूट. एवढ्या उंच शरीराचा भार वरच्या बाजूला असतो. वळताना तो बाहेर फेकला जातो आणि त्याला सावरायला दोन-तीन आखूड पावलं खर्ची पडतात. ठेंगणा खेळाडू जिथे भोवऱ्यासारखा जागीच फिरतो, तिथे उंच खेळाडू एसटीसारखा वळतो, त्याला रस्ता लागतो. सूटर ही आखूड पावलं घाईघाईनं टाकतो, आधी कंबर फिरवतो, मग खांदे, आणि त्यानंतरच त्याची ती लांबलचक ढांग सुरू होते. या टॅकलमधलं सगळ्यात अवघड काम इथेच उरकलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी ओळ धावण्याची. कच्चा बचावपटू चेंडूकडे धावतो किंवा आघाडीवीराच्या टाचांमागे लागतो. सूटर या दोन्ही वाटा सोडून तिसरीच वाट धरतो. थोड्या वेळानं चेंडू जिथे पोचेल, त्या जागेकडे तो तिरका जातो. ज्याच्या पायात चेंडू असतो त्याला दर काही पावलांनी चेंडूला पाय लावावा लागतो आणि दर स्पर्शाला त्याचा वेग किंचित मोडतो. पाठलाग करणाऱ्याच्या पायात काही नसतं. त्याच्या बाजूनं एवढीच एक गोष्ट असते, आणि सूटर ती पै-पै करून वसूल करतो.

तिसरी ओळ म्हणजे थांबणं. माझ्या मते सगळा अर्थ तिथे एकवटलाय. तो आघाडीवीराच्या अंगाशी आलेला असतो, घसरायची वेळ झाली असं आपल्याला वाटतं, पण तो घसरत नाही. आणखी एक पाऊल टाकतो. चेंडू आघाडीवीराच्या पायापासून सुटून हातभर पुढे जाईपर्यंत तो धीर धरतो, आणि मगच अंग टाकतो. चेंडू पायाला चिकटलेला असताना घसरलं तर चेंडूच्या आधी माणूस लागतो. पंच शिट्टी वाजवतो, डीच्या बाहेर असाल तर गोलची उघड संधी हिरावली म्हणून लाल कार्डही निघू शकतं, आणि डीच्या आत असाल तर पेनल्टी. आधी गेलो तर चुकलो, उशिरा गेलो तरी चुकलो. एवढ्या अरुंद फटीत तो माणूस आपलं साडेसहा फुटी अंग बसवतो. पडताना एक पाय दुमडून खाली, दुसरा लांब. त्या पायाची लांबी इथे उपयोगी येते. वळताना जी उंची नडली, तीच शेवटच्या अर्ध्या पावलाला उसनी मिळते.

याच खेळाच्या इतिहासात सोळा वर्षं आधीची एक घसरण आहे. ती आठवल्याशिवाय ही पुरती वाचताच येत नाही. २६ जून २००६, जर्मनीतलं कायझरस्लाउटर्न. विश्वचषकाच्या बाद फेरीत ऑस्ट्रेलियासमोर इटली. गोल एकही नाही. इटलीचा मातेराझ्झी लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला, त्यामुळे ते दहाजण. सामना जादा वेळेत जाणार असं वाटत असताना भरपाई वेळेतल्या शेवटच्या क्षणांत इटलीचा फाबियो ग्रोसो डावीकडून डीमध्ये घुसला. त्याच्यासमोर लुकास नील. सिडनीहून कोवळ्या वयात इंग्लंडला गेलेला, मिलवॉलमध्ये घडलेला, तेव्हा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून खेळणारा, त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा आधारस्तंभ ठरलेला बचावपटू. नील घसरला. चेंडू त्याला चुकवून पुढे गेला होता. तो जमिनीवर आडवा, आणि ग्रोसो त्याच्या अंगावरून कोसळला. पेनल्टी. तोत्तीनं ती मारली, ऑस्ट्रेलिया बाहेर पडली, आणि पुढे इटलीनं विश्वचषक जिंकला.

ग्रोसोनं पडणं शोधलं होतं का, यावर ऑस्ट्रेलियात अजून वाद घालणारे भेटतील. मला त्या वादात शिरायचं नाही. मला नीलच्या घसरण्याची वेळ बघायची आहे. त्यानं एक पाऊल आधी अंग टाकलं. एकदा आडवं झालं की बचावपटूच्या हातात काही राहत नाही. तो मैदानावर पडलेला अडथळा होतो आणि त्या अडथळ्याचं काय करायचं ते समोरचा ठरवतो. नील वाईट बचावपटू नव्हता. त्या स्पर्धेत तो फार चांगला खेळला होता. एका पावलाच्या घाईपायी त्याचं सगळं चांगलं खेळणं लोकांच्या आठवणीतून पुसलं गेलं. ते पाऊल सूटरनं सोळा वर्षांनी टाकलं, असं मला वाटतं. तसं त्याच्या मनात असेल असं नाही. २००६ मध्ये तो सात वर्षांचा होता आणि ऑस्ट्रेलियापासून फार लांब राहत होता.

फुटबॉलच्या जाणकारांत एक मत आहे की घसरून टॅकल करायची पाळी येणं म्हणजे आधी कुठेतरी जागा चुकलेली असणं. खरा बचावपटू उभ्यानंच काम भागवतो. या मताबद्दल मला आदर आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सामना संपता संपता, पोटऱ्या भरून आलेल्या असताना, सहकारी पुढे-मागे विस्कटलेले असताना जागा चुकतेच. कधी स्वतःची, कधी शेजाऱ्याची. तिथून पुढे जे उरतं, ते घडीव कौशल्याच्या बळावरच निभावता येतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठांच्या संघांचे सामने बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथे धुळीच्या मैदानावर घसरलेल्या बचावपटूच्या मांडीचं सालडं निघतं, तरी तो उठून पहिल्यांदा चेंडू कुठे गेला ते बघतो.

आता त्या वळण्याकडे पुन्हा येतो, कारण ते नुसतं उंचीमुळे अवघड नव्हतं.

११ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे या टॅकलच्या वर्षभर आणि पंधरा दिवस आधी, पश्चिम सिडनीत सौदी अरेबियाविरुद्धच्या पात्रता सामन्यात सूटरच्या गुडघ्यातला एसीएल फाटला. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधून ठेवणारा हा बंध. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. तो फाटतो तोही बहुधा कुणाच्या धक्क्यानं नव्हे. पाय जमिनीत रोवलेला असतो आणि वरचं शरीर वळतं, त्या वळण्यानं तो तुटतो. डॉक्टर शरीरातलीच दुसरी शीर काढून तिथे बसवतात आणि ती रुजून पक्की व्हायला नऊ महिने, वर्ष लागतं. गुडघा बरा होतो. पण वळताना तो पाय रोवायचा की नाही, हा प्रश्न मनात राहतो, आणि त्यावर कुठली शस्त्रक्रिया नाही. विश्वचषकाआधी सूटरला क्लबसाठी जेमतेम खेळायला मिळालं होतं. प्रशिक्षक ग्रॅहम अरनॉल्डनं तरी त्याला कतारला नेलं आणि २२ नोव्हेंबरला थेट फ्रान्ससमोर उभं केलं. जिरू आणि एम्बापेच्या त्या फ्रान्सनं ४-१ असा धुव्वा उडवला. चार दिवसांनी ट्युनिशिया.

म्हणून त्या टॅकलच्या पहिल्या दोन पावलांकडे बघताना माझा श्वास अडकतो. ज्या हालचालीनं हा बंध बहुधा फाटतो तीच हालचाल, तितक्याच जोरात, तितक्याच ताणाखाली तो करतो. पाय रोवतो आणि वळतो. मध्ये शंकेला जागाच ठेवत नाही.

त्याच वर्षी घरावरही आघात झाला होता. त्याच्या थोरल्या भावांपैकी एकजण मोटर न्यूरॉन आजारानं गेला. शरीराच्या हालचाली एकेक करून थांबवत नेणारा हा आजार. याबद्दल अधिक लिहिणं मला योग्य वाटत नाही. पण कतारच्या त्या दिवसांत सूटर कुठून आला होता, हे माहीत असताना त्याच्या धावण्याकडे नुसतं खेळ म्हणून बघता येत नाही, एवढं खरं.

परदेशात खेळणारा ऑस्ट्रेलियन बचावपटू असं त्याला म्हणायचं, तर आधी त्याचा देश कुठला आणि परदेश कुठला हे बघावं लागतं. त्याचा जन्म स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा, २२ ऑक्टोबर १९९८ चा. बालपण गेलं ल्यूथरम्युअर नावाच्या लहानशा गावात. डंडी युनायटेडच्या अकादमीत तो घडला आणि स्कॉटलंडच्या वयोगटांच्या संघांतूनही खेळला. आई मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट हेडलंडची. लोहखनिजाची अवाढव्य जहाजं भरणारं, तांबड्या धुळीनं माखलेलं ते बंदर. आईच्या त्या गावामुळे त्याला दुसरा देश मिळाला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून बोलावणं आलं आणि त्यानं होकार दिला. त्याच्यासाठी ऑस्ट्रेलिया म्हणजे आजोळ. मामाच्या गावाला जाण्याचं जे आपल्या मनात असतं, त्यात खेळायला जाणंही असतं. तो नेमका खेळायलाच गेला.

पहिलाच सामना नेपाळविरुद्ध, १० ऑक्टोबर २०१९, कॅनबेरा. ऑस्ट्रेलियानं ५-० असा जिंकला आणि त्यात या बचावपटूचे दोन गोल. पाच दिवसांनी तैवानमध्ये आणखी दोन. कोपऱ्यावरून चेंडू यायचा आणि सगळ्या डोक्यांच्या वर एक डोकं निघायचं. बचावपटूनं पहिल्या दोन सामन्यांत चार गोल मारावेत, हे त्याच्या उंचीचं सोपं फळ. ते गोल मला आवडतात, पण त्यांत वाचण्यासारखं फारसं नाही.

त्याच्या आडनावात मात्र आहे. जुन्या स्कॉट्स बोलीत सूटर म्हणजे जोडे शिवणारा. हा शब्द लॅटिनमधल्या शिवण्याच्या शब्दावरून आला, आणि आपल्या सूत्र, शिवणं या शब्दांशी त्याचं मुळातलं नातं आहे. कानाला तर तो आपल्या सुतारासारखाच लागतो. बचावफळीतल्या फटी जोडत बसणाऱ्याला याहून नेमकं आडनाव कुठलं मिळणार?

हॅरीचा दुसरा थोरला भाऊ जॉन सूटरही सेंटर बॅकच, आणि तो स्कॉटलंडचा राहिला. हॅरीचा गुडघा फाटला त्यानंतर चारच दिवसांनी, १५ नोव्हेंबर २०२१ ला, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर डेन्मार्कविरुद्ध जॉननं स्कॉटलंडसाठी गोल मारला. तोही दुखापतींनी गांजलेला, बऱ्याच काळानं राष्ट्रीय संघात परतलेला. एका घरात एका आठवड्यात या दोन गोष्टी घडल्या. एक भाऊ कुबड्यांवर, दुसरा डोक्यानं गोल मारून धावत सुटलेला. पुढच्या जूनमध्ये स्कॉटलंड युक्रेनकडून हरलं आणि विश्वचषकाला मुकलं. कतारच्या मैदानावर सूटर घराण्यातला एकटा हॅरी उतरला, तो आजोळच्या पिवळ्या सदऱ्यात. दोन भाऊ दोन देशांकडून खेळले याची आपण बोआटेंग किंवा जाका बंधूंसारखी उदाहरणं देतो, पण त्यांच्यात समोरासमोर येण्याची चुरस होती. इथे तसं काही नाही. दोघंही एकच काम करतात, दोघांचंही शरीर पुनःपुन्हा मोडतं, आणि दोघंही परत येऊन तिथेच उभे राहतात.

क्लबची वाट ब्रिटनमध्ये पुष्कळ बचावपटू चालतात तशीच. २०१६ मध्ये डंडीहून स्टोक सिटी. स्टोक हे चिनी मातीच्या कपबशांसाठी नाव कमावलेलं गाव. तिथून रॉस काउंटी आणि फ्लीटवूड टाउनकडे उसना, आणि मग परत स्टोकच्या पहिल्या संघात. या काळात एक गोष्ट मात्र घडली. लोक त्याला डोकं आणि पाय म्हणून ओळखत होते, त्यानं पासही कमावला. स्वतःच्या डीसमोरून मैदानाच्या पलीकडच्या कडेला पन्नास-पन्नास मीटरचा तिरका चेंडू, धावत्या विंगरच्या पुढ्यात. उंच माणसाला वरून मैदान दिसतं, असं म्हणणं सोपं आहे. पण तो पास द्यायलाही आधी अंग योग्य कोनात वळलेलं असावं लागतं.

मराठीत वळण हा शब्द किती ठिकाणी राबतो! रस्त्याला वळण असतं, अक्षराला वळण असतं, मुलांना वळण लावावं लागतं. अंगाला वर्षानुवर्षं लागलेलं वळण आणि त्या एका क्षणी घेतलेलं वळण, यांत मला फरक करता येत नाही. टॅकल बघताना दोन्ही एकदमच दिसतात.

ट्युनिशियाविरुद्धच्या त्याच सामन्यात पूर्वार्धात त्यानं गोलजवळ एक फटका अंगावर झेलला होता, तोही गोलच वाचवणारा. सामना १-० नं संपला. २०१० नंतर विश्वचषकातला ऑस्ट्रेलियाचा हा पहिला विजय, आणि १९७४ मध्ये पश्चिम बर्लिनला चिलीविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर पहिल्यांदाच त्यांनी विश्वचषकाच्या सामन्यात एकही गोल खाल्ला नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षं. आकड्यांत हे वाचलं की काही वाटत नाही, पण त्या अठ्ठेचाळीस वर्षांना शेवटच्या काही मिनिटांत एका घसरणाऱ्या पायाचा आधार होता. चार दिवसांनी डेन्मार्कविरुद्ध मॅथ्यू लेकीचा गोल, पुन्हा १-०, पुन्हा एकही गोल खाल्ला नाही. ऑस्ट्रेलिया शेवटच्या सोळांत. २००६ नंतर पहिल्यांदाच.

तिथे अर्जेंटिना होती. ३ डिसेंबरला मेस्सीनं पहिला गोल मारला, तो डीमधल्या गर्दीतून, सूटरच्या पायांजवळून सरपटत गेलेल्या चेंडूनं. सूटर घसरला नव्हता, वेडावाकडा झाला नव्हता, जागेवर होता. फटका येईल त्या बाजूला त्यानं अंग आणलं होतं. पण चेंडू कुठून जाऊ शकतो हे मेस्सीला त्याच्या आधी दिसलं. हे दृश्य मी त्या टॅकलच्या शेजारी ठेवून पाहतो, कारण ट्युनिशियाविरुद्धचं सगळं बरोबर घडलं म्हणून बरोबर दिसतं, असा संशय त्यानं फिटतो. इथेही त्यानं जवळपास सगळं बरोबरच केलं होतं. त्याच सामन्यात उशिरा ऑस्ट्रेलियाचा अझीझ बेहिच डावीकडून एकामागून एक बचावपटू चकवत आत घुसला, तेव्हा शेवटच्या क्षणी लिसांद्रो मार्तिनेझनं अंग टाकून त्याचा फटका अडवला. अर्जेंटिना २-१ नं जिंकली आणि पुढे विश्वचषकही. सूटरनं ट्युनिशियाला जे केलं, तेच मार्तिनेझनं ऑस्ट्रेलियाला केलं. उंचीनं मार्तिनेझ त्याच्या खांद्याला लागेल, पण दोघांची जात एक.

आपल्या माणसांनी सूटरला अगदी जवळून पाहिलं ते १३ जानेवारी २०२४ ला. कतारमध्येच, अहमद बिन अली स्टेडियममध्ये, आशियाई चषकात भारतासमोर ऑस्ट्रेलिया. मला त्या सामन्याचा पूर्वार्ध फार आवडला. भारतानं पन्नासाव्या मिनिटापर्यंत गोल होऊ दिला नाही. मुंबईचा राहुल भेके आणि संदेश झिंगन त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या उंच माणसांशी हवेत झुंजत होते. कॉर्नर आला की सूटर पुढे यायचा, आणि भारताच्या डीमध्ये कुणाला तरी त्याला धरून उभं राहावं लागायचं. दुसऱ्या टोकाला एकदा उजवीकडून क्रॉस आला आणि सुनील छेत्रीला मोकळं डोकं मिळालं. चेंडू खांबाबाहेर गेला. तो क्षण अजून रुखरुख लावतो. मग जॅक्सन अर्विन आणि जॉर्डन बॉस यांनी गोल मारून सामना २-० असा संपवला. दोन्ही संघांच्या बचावातला फरक टॅकलमध्ये नव्हता. भेके आणि झिंगन यांना अंग टाकायचं तेवढं त्यांनी टाकलं. फरक होता तो वळण्याआधीच्या क्षणात. भारताचे बचावपटू चेंडू आल्यावर वळत होते. सूटर आणि त्याचा जोडीदार काय रोवल्स चेंडू निघायच्या आधीच अर्धे वळलेले असत. रोज वरच्या दर्जाच्या आघाडीवीरांसमोर उभं राहिल्याशिवाय हे अंगात येत नाही. ऑस्ट्रेलियाची मुलं कोवळ्या वयात समुद्र ओलांडतात ती यासाठीच, आणि आपले बचावपटू क्वचितच ओलांडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विश्वचषकातल्या खेळामुळे जानेवारी २०२३ च्या शेवटच्या दिवशी लेस्टर सिटीनं सूटरला सुमारे दीड कोटी पौंड मोजून घेतलं. पहिल्याच सामन्यात लेस्टरनं ॲस्टन व्हिलाला त्यांच्याच मैदानात ४-२ असं हरवलं. पण मोसम संपला तेव्हा लेस्टर प्रीमियर लीगमधून खाली घसरलं होतं. पुढच्या मोसमासाठी प्रशिक्षक म्हणून एन्झो मारेस्का आला. त्याला बचावपटू हवे होते ते आखूड पास देत, चेंडू पायाशी ठेवत मागून खेळ रचणारे. लेस्टर चॅम्पियनशिप जिंकलं, वर गेलं, आणि सूटर त्या वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला. मारेस्काची पद्धत वाईट नव्हती, निकालच तसा लागला. पण टॅकल, डोकं, अडवणं या मूळ कामात जो इतका पक्का, त्याला बाकावर बसलेला पाहणं मला जड गेलं. क्लबमध्ये बसवलेला हा माणूस राष्ट्रीय संघात मात्र पहिल्या अकरांत असायचा. आशियाई चषकात इंडोनेशियाविरुद्ध शेवटी-शेवटी त्यानं डोक्यानं गोलही मारला.

२०२४-२५ मध्ये तो शेफिल्ड युनायटेडकडे उसना गेला आणि तिथे पुन्हा फुलला. संघ वरच्या स्थानांसाठी लढत होता, गोल फार कमी खात होता, आणि मध्ये सूटर उभा होता. २६ डिसेंबर २०२४ ला बर्नलीविरुद्धच्या सामन्यात त्याची टाचेमागची शीर तुटली. अकिलीस. पोटरीला टाचेशी बांधणारी, पाऊल रोवून जमिनीला मागे ढकलताना सगळा जोर जिच्यावर येतो ती शीर. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा महिन्यांचा हिशेब, पुन्हा पहिल्यांदा चालणं, मग जॉगिंग, मग सरळ रेषेत धावणं, आणि सगळ्यात शेवटी वळणं.

फिजिओ हा क्रम कधी बदलत नाहीत. सरळ धावता येऊ लागल्यावरही वळायची परवानगी पुष्कळ उशिरा मिळते. आधी शंकू मांडून रुंद वळसे, मग ते हळूहळू अरुंद, मग समोरून कुणीतरी येत असताना, आणि अगदी शेवटी पाठीमागे चेंडू टाकून. त्यानं हे सगळं २०२२ च्या उन्हाळ्यात एकदा केलं होतं.

ती चित्रफीत मी परवा पुन्हा लावली. या वेळी घसरणं पाहिलं नाही. अगदी सुरुवातीला थांबवली, चेंडू नुकताच त्याच्या मागे जातोय तिथे. त्याचे खांदे अजून मैदानाकडे आहेत, नजर वर, चेंडूवर. खाली बूट गवतात रोवलेला आहे आणि कंबर फिरायला लागली आहे.